सुटायची वेळ

डेल हकबीनं माइक माझ्या हातात दिला आणि कानाशी वाकून म्हणाला, "बोला, मिस अनिता. त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोला."

समोर एकशे चाळीस माणसं उभी होती. सगळ्यांच्या डोक्याला पांढऱ्या जाळ्या, अंगात पांढरे एप्रन, पायात रबरी बूट. कारखान्याची जेवणाची खोली तेवढ्यांना पुरत नव्हती, म्हणून काही जण दारात आणि काही बाहेरच्या बोळात उभे होते. सकाळचे पावणेसहा वाजले होते. माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस होता, आणि 'माझी भाषा' म्हणजे डेलच्या मते कोणती, हे मला साधारण दीड मिनिटापूर्वी समजलं होतं. ती स्पॅनिश होती. मला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता.

डेल कौतुकानं बघत होता. मी घसा खाकरला आणि मराठीत सुरुवात केली.

"नमस्कार मंडळी. माझं नाव अनिता नवरे. मी मूळची वर्ध्याची. मला तुमची भाषा येत नाही. या साहेबांचा मोठा घोटाळा झालाय आणि तो त्यांना कसा सांगायचा ते मला कळत नाहीये. तुम्ही सगळे पहाटे उठून आला आहात, दमलेले दिसता. तुमच्यासाठी मला काय करता येईल ते ठाऊक नाही, पण जे जमेल ते करीन. धन्यवाद."

पुढच्या रांगेतल्या एका ठेंगण्या, पन्नाशी उलटलेल्या बाईनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि टाळी वाजवली. मग तिच्या पाठोपाठ सगळ्यांनी वाजवली. डेलनं चष्मा काढून डोळे पुसले.

"यांच्याशी इतकं मनापासून आजवर कोणी बोललं नव्हतं," तो म्हणाला.

ही १९९७ सालची गोष्ट. माझे यजमान विद्याधर अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका आडगावी, तिथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. गावात आमच्याखेरीज एक भारतीय नव्हता. मी नागपुरात समाजकार्याची पदवी घेतलेली. मुलगा शिकायला दुसऱ्या राज्यात गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून नोकरी शोधत होते. गोठवलेले चिकन पाय बनवणाऱ्या कारखान्याची जाहिरात दिसली. पाय म्हणजे कणकेच्या वाटीत कोंबडीचा रस्सा भरून वरून कणकेचंच झाकण लावलेला पदार्थ. आईला पत्रात मी 'पायांच्या कारखान्यात नोकरी लागली' असं लिहिलं, तर तिचं उलट पत्र आलं की कोणाच्या पायांच्या, ते नीट कळव.

पद होतं 'कामगार संपर्क सहायक'. मुलाखत कारखान्याचा मॅनेजर डेल यानं स्वतः घेतली. उंच, पडलेल्या खांद्यांचा, सावकाश बोलणारा माणूस. माझ्या अर्जाकडे बघून तो मला 'मिस नव्हारो' म्हणाला. अमेरिकेत माझ्या आडनावाचं रोज नवं काहीतरी होई, म्हणून मी दुरुस्त केलं नाही. तसंही लग्नात या आडनावावरून मैत्रिणींनी पुरेसं छळलं होतं: बाकीच्यांना एक मिळतो, हिला नवरे.

"घरी तुम्ही तीच भाषा बोलता का?" डेलनं विचारलं होतं.

"अर्थात. घरी तीच."

"लिहिता-वाचताही येते?"

"लहानपणापासून मराठी वाङ्‌मय वाचत आलेय," असं काहीतरी मी म्हणाले, त्यातलं 'मराठी' त्याच्या कानात शिरलं नसावं.

"आमच्या लोकांना फार बरं वाटेल," तो म्हणाला. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे.

अनिता हे स्पॅनिश बायकांचं नाव असतं आणि नव्हारो हे स्पॅनिश आडनाव असतं, हे ज्ञान मला त्या माइकच्या सकाळी झालं. कारखान्यातले कामगार जवळपास सगळे मेक्सिको आणि ग्वाटेमालातून आलेले. सरकारी कागदांत त्यांना हिस्पॅनिक म्हणत. वर्षभरात तीनशे जण भरती केले तेव्हा कुठे एकशे चाळीस जागा भरलेल्या राहत. बाकीचे दोन-तीन महिन्यांत उठून नदीपलीकडच्या कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात जात. ते का जातात हे शोधणं आणि त्यांना थांबवणं, हे माझं काम.

पहिल्याच संध्याकाळी मी विद्याधरना सगळं सांगितलं.

"उद्या जाऊन खरं सांगून टाक," ते म्हणाले.

"अहो, तो रडला. रडलेल्या माणसाला कसं सांगायचं?"

"मग स्पॅनिश शीक."

वाचनालयात स्पॅनिश शिकवणाऱ्या कॅसेट होत्या, प्रवाशांसाठीच्या. आठवड्याभरात मला 'संग्रहालय कुठे आहे' आणि 'माझी बॅग हरवली' एवढं अस्खलित येऊ लागलं. कारखान्यात दोन्हींचा उपयोग नव्हता.

मग मला एक युक्ती सुचली. मराठी माणसाला एक सोय असते: कानावर पडेल ते जसंच्या तसं देवनागरीत उतरवता येतं, अर्थ कळो न कळो. मी एक वही केली. कामगार बोलायला आला की त्याला खुर्ची द्यायची, मान डोलवत ऐकायचं, आणि तो बोलेल ते शब्दन् शब्द लिहून घ्यायचं. शेवटी 'सी' म्हणायचं. सी म्हणजे हो. मग घरी जाऊन शब्दकोश काढायचा आणि विद्याधरना घेऊन बसायचं.

लोक येत गेले. वीस-वीस मिनिटं बोलत. एक गोष्ट मला जरा विचित्र वाटायची. ही माणसं एकमेकांशी भराभर बोलत, पण माझ्यासमोर एकेक शब्द सुटा करून सावकाश बोलत. मी लिहीत असले की थांबत. एकदा तर एक जण माझ्या अक्षरांकडे बघून आदरानं मान हलवून गेला.

आणि ती पुढच्या रांगेतली बाई. तिचं नाव ओफेलिया सामुदियो. सगळे तिला दोन्या ओफेलिया म्हणत. दोन्या म्हणजे आपल्याकडे मोठ्या बाईला बाईसाहेब म्हणावं तसं. तीन वर्षं टिकलेली ती एकटीच. बारा जणांची एक गाडी घेऊन ती यायची आणि त्या बारांपैकी कोणी तिला विचारल्याशिवाय शिंकतही नसे. एकदा डेलनं मला वाट्या पुढे सरकवणाऱ्या पट्ट्यापाशी नेलं आणि म्हणाला, "मिस अनिता, यांना सांगा, हात कोपरापर्यंत धुवायचे."

मी मोठ्यांदा मराठीत म्हणाले, "हात कोपरापर्यंत धुवा," आणि स्वतःचं कोपर दाखवलं.

ओफेलिया वळली आणि मागे बघून स्पॅनिशमध्ये खणखणीत आवाजात काहीतरी बोलली. शंभर माणसं नळाकडे गेली.

"अशी पकड पाहिजे," डेल म्हणाला. मी ओफेलियाकडे पाहिलं. तिचा चेहरा कोरा होता.

कामगारांना धरून ठेवायला डेलचेही काही बेत असत. ऑक्टोबरात त्यानं मेक्सिकन जेवण ठेवलं. स्वयंपाक केला तो कॅन्टीनच्या बर्निस नावाच्या बाईनं, जिनं आयुष्यात मिरची हातात धरली नव्हती. केकवर मेक्सिकन टोपी काढली होती. ग्वाटेमालाचे लोक टोपीकडे बघत राहिले. ओफेलियानं ताटातलं सगळं संपवलं, ताट स्वतः विसळलं आणि डेलकडे बघत एक शब्द उच्चारला. मी तो टिपून घेतला: पोब्रेसितो. घरी शब्दकोशात मिळाला. बिच्चारा.

पण येणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असायचं. वहीत ते एकोणीस वेळा आलं. 'केरेमोस सावेर ला ओरा दे सालीदा.' एका संध्याकाळी विद्याधर पेन्सिल घेऊन बसले.

"केरेमोस, आम्हाला हवंय," ते म्हणाले. "सावेर काही सापडत नाही. थांब, हे लोक ब चा व करतात. साबेर. जाणून घेणं. आम्हाला जाणून घ्यायचंय. सालीदा म्हणजे बाहेर पडणं. आता ओरा."

"ओ मध्ये बघा."

त्यांनी ओ काढला. "ओरार. प्रार्थना करणं. ओरा, प्रार्थना करतो." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आम्हाला बाहेर पडतानाची प्रार्थना जाणून घ्यायचीय."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

"आपल्याकडे नाही का," विद्याधर म्हणाले, "घराबाहेर पडताना देवाला हात जोडून निघतात. तसं असेल काही. एकोणीस जण म्हणतायत म्हणजे योगायोग नाही. हा नमुना लक्षणीय आहे."

संख्याशास्त्राचा प्राध्यापक घरात असला की असं होतं.

सकाळी मी डेलला सांगितलं. तो चर्चला नेमानं जाणारा माणूस. खुर्चीवरून उठून खिडकीशी गेला.

"अकरा वर्षं मी हा कारखाना चालवतोय," तो म्हणाला. "आणि या लोकांना प्रार्थना हवी होती. कोणी मला सांगितलं नाही."

त्याचा मेहुणा, ब्रदर वेन्डेल, पाद्री होता. सोमवारपासून तो बाहेर जायच्या दारापाशी उभा राहू लागला. काम संपलं, एप्रन निघाले, पिशव्या खांद्याला लागल्या, की ब्रदर वेन्डेल हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं. तो इंग्रजीत बोले. त्याच्या स्वतःच्या चर्चमध्ये चाळीस माणसं जमत. इथे एकशे चाळीस होती आणि कोणीही निघून जात नव्हतं, कारण दार त्याच्या पाठीमागे होतं. सोमवारी दहा मिनिटं लागली. बुधवारी सतरा. त्याला बोलायला सुचायचंही फार.

लोक दाराच्या काचेतून बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघत राहत. मला वाटलं, ध्यान लागलंय.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी ओफेलिया माझ्या खोलीत आली. तिच्या हातात घडी केलेले एप्रन होते. तिनं ते माझ्या टेबलावर ठेवले. मी मोजले नाहीत, पण गठ्ठा एका माणसाचा नव्हता. तिची अख्खी गाडी चालली होती. आणि ओफेलियाची गाडी गेली की बाकीच्या गाड्या थांबणार नव्हत्या, एवढं मलाही कळत होतं. नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण असतो. कारखान्याच्या वर्षभराच्या कामातलं निम्मं त्याआधीच्या तीन आठवड्यांत निघायचं.

मी घाईघाईनं वही उघडली. ओफेलियानं वहीवर हात ठेवला आणि ती मिटवली. मग तिनं खोलीत इकडेतिकडे पाहिलं, माझी खुर्ची ओढून त्यावर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ काढलं. ते टेबलावर ठेवून तिनं तास दाखवणाऱ्या काट्यावर बोट टेकवलं.

"ओरा," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

तिनं घड्याळ उलटं केलं, मागची कळ फिरवून काटे तीनवर आणले. कमरेएवढ्या उंचीवर हात धरून दाखवला: एवढी मुलगी. पाठीवर दप्तर. शाळेचं फाटक. मुलगी रस्त्याकडे बघतेय. ओफेलियानं काटे चारवर नेले. मुलगी अजून बघतेय. पाचवर नेले. ओफेलियानं मुलीसारखे हात छातीशी घट्ट धरून थंडी दाखवली. मग स्वतःकडे बोट केलं, कारखान्याकडे केलं, आणि दोन्ही तळवे वर करून खांदे उडवले. कधी सुटणार, कोणाला ठाऊक.

"ओरा," ती पुन्हा म्हणाली. "दे सालीदा." आणि दाराकडे बोट दाखवून, डोळे मिटून, ब्रदर वेन्डेलसारखे हात वर करून तिनं जोरात मान हलवली. नको.

स्पॅनिशमध्ये काही शब्दांच्या सुरुवातीला एक अक्षर नुसतं लिहितात, उच्चारत नाहीत. वेळ हा शब्द 'ह'च्या पानावर होता. आम्ही 'ओ'च्या पानावर शोधला होता. त्यांना फक्त सुटायची वेळ हवी होती. कारखान्यात काम सहाला सुरू व्हायचं आणि पट्टा रिकामा झाला की संपायचं. तो कधी दोनला रिकामा व्हायचा, कधी साडेपाचला. कधी होणार ते अर्धा तास आधी फोरमन सांगे. आणि त्यावर मी पाद्री आणून उभा केला होता.

मी शब्दकोश काढला, 'ओरार'वर बोट ठेवून तिच्यापुढे धरला, स्वतःकडे बोट दाखवलं आणि कपाळाला हात लावला. ओफेलियानं वाचलं. तिचे ओठ हलले. मग ती माझ्या खुर्चीत बसली आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, एप्रनच्या त्या गठ्ठ्यातलाच एक घेऊन डोळे पुसत ती हसत होती. मलाही आवरेना. पण आता डेलकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कारखान्यात दोन्ही भाषा चांगल्या येणारा एकच माणूस होता, फोर्कलिफ्ट, म्हणजे खोकी उचलायची गाडी, चालवणारा तोमास. दुभाष्याचं काम त्यानं कधीच सोडून दिलं होतं.

"मी बोलणार नाही," तो म्हणाला. "वाईट बातमी सांगितली की दोन्हीकडचे माझ्यावर चिडतात. फोर्कलिफ्ट कधी चिडत नाही."

ओफेलियानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली उतरला.

डेलच्या खोलीत आम्ही तिघं उभे राहिलो. मी इंग्रजीत एका दमात सांगितलं, "डेल, मला स्पॅनिश येत नाही. कधीच येत नव्हती. मी मेक्सिकोची नाही. मी भारतातून आलेय."

डेल हसला. "मिस अनिता, मी स्वतः ऐकलंय तुम्हाला बोलताना. पहिल्या दिवशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"ती मराठी होती."

"हात धुवायला लावलेत."

"तेही मराठीत."

डेल हळूहळू खुर्चीत टेकला. इकडे तोमास कर्तव्य म्हणून ओफेलियाला सगळं स्पॅनिशमध्ये सांगत होता. त्यातला एक शब्द मला कळला: इंदिया. ओफेलियानं मान डोलवली आणि शांतपणे काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय ती?" डेलनं विचारलं.

"ती म्हणते, ते सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"भारतातली आहे हे?"

तोमासनं डोकं खाजवलं. "तसं नाही, साहेब. आमच्याकडे इंदिया म्हणजे डोंगरातली, मूळची आदिवासी बाई. जिला स्पॅनिश येत नाही अशी. मेक्सिकोच्या लोकांना वाटलं, ही ग्वाटेमालाची. ग्वाटेमालाचे म्हणाले, आमची नाही, पलीकडच्या खोऱ्यातली असेल. पण इंदिया आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं."

"तोमास, त्यांना नीट सांगा," मी म्हणाले. "माझा देश फार लांब आहे. समुद्रापलीकडे."

त्यानं सांगितलं. ओफेलियानं उत्तर दिलं.

"म्हणते, सगळ्यांचंच गाव लांब आहे."

"पण मग मला कोणी सांगितलं का नाही?" डेल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "दोन महिने एकशे चाळीस माणसं गप्प बसली?"

तोमासनं विचारलं. या वेळी ओफेलिया बराच वेळ बोलली, आणि डेलकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. तोमास सांगायला लागला तेव्हा त्याचा आवाज जरा बदलला होता.

"तिच्या आईला स्पॅनिश येत नव्हती. डोंगरातली पुरेपेचा भाषा बोलायची. दवाखान्यात, कचेरीत, कुठेही गेली की लोक हसायचे. ओफेलिया लहान होती, बरोबर असायची. एकदा टपालाच्या खिडकीशी आई बोलायला लागली, मागची रांग हसली, आणि कारकुनानं ओफेलियाला विचारलं, ही तुझी कोण? ती म्हणाली, माहीत नाही." तोमास माझ्याकडे वळला. "तुम्ही माइकवर तुमच्या भाषेत बोललात ना, तेव्हा तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं. हिला कोणी हसायचं नाही. हिच्याशी सावकाश बोलायचं. आणि मॅनेजरला कळू द्यायचं नाही, नाहीतर तो हिला काढून टाकील."

मी खिडकीबाहेर बघत होते, कारण दुसरीकडे बघण्यासारखी माझी अवस्था नव्हती. डेलनं चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मग आता ती का सोडून चाललीय?"

हे मला सांगता आलं. वेळेचं सांगितलं, शाळेच्या फाटकाचं सांगितलं, आणि प्रार्थनेचा उलगडाही केला. डेल ऐकत गेला तसतसा लाल होत गेला.

"वेन्डेलनं पुढच्या महिनाभराची प्रवचनं लिहून ठेवलीयत," तो म्हणाला. मग सावरून म्हणाला, "पण पट्टा मध्येच कसा बंद करायचा? रस्सा भरलेल्या वाट्या सोडून जायचं? आणि नदीपलीकडचे जास्त पगार देतात म्हणून लोक जातात, हे मला ठाऊक आहे."

तोमासनं ते ओफेलियाला सांगितलं, आणि तिनं एवढंच म्हटलं की पलीकडे पगार कमी आहे, थंडी हाडं फोडते, पण तिथे बरोबर तीनला भोंगा वाजतो.

"कमी?" डेल म्हणाला.

"कमी."

"पावणेतीनला रस्सा सोडणं थांबवलं तर साडेतीनला पट्टा रिकामा होतो, असं ती म्हणते," तोमास पुढे म्हणाला. "तीन वर्षं उभी आहे तिथे. तिला कधी कोणी विचारलं नाही."

डेलनं टेबलावरचं पेन उचललं. "सोमवारी," तो शेवटी म्हणाला. "सोमवारी साडेतीनला. बघू काय होतं ते."

ओफेलिया आणि तोमास गेले. मी दाराशी रेंगाळले.

"मी उद्यापासून येऊ की नको?"

"उद्या शनिवार आहे," डेल म्हणाला. "सोमवारी या. पण वेन्डेलला तुम्ही सांगायचं."

ते मी सांगितलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत अवघड पंधरा मिनिटं होती, आणि त्यातली बारा तो बोलत होता.

सोमवारी ओफेलियाची गाडी आली. साडेतीनची बातमी सगळ्यांना होती आणि कोणाचाही त्यावर विश्वास नव्हता. फोरमनचा तर मुळीच नव्हता. तो सव्वातीनपर्यंत रस्सा सोडत राहिला. साडेतीनला डेल स्वतः पट्ट्यापाशी आला आणि त्यानं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. त्यावर चारशे वाट्या होत्या.

कोणी हललं नाही. दोघं जण मेकॅनिकला बोलवायला निघाले. डेल घड्याळाकडे आणि दाराकडे हात दाखवत राहिला. मग ओफेलियानं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, जाळी काढली आणि चालायला लागली. तिच्यामागे एकेक करत सगळे गेले. शेवटी फोर्कलिफ्ट थांबल्याचा आवाज आला आणि तोमासही आमच्यासमोरून गेला.

"तोमास, तुम्ही तरी थांबा," डेल म्हणाला.

"साडेतीन," तोमास म्हणाला आणि गेला.

त्या सालची सणाची मागणी आम्ही दोन दिवस आधी पुरी केली. पुढच्या वर्षभरात नऊ जण सोडून गेले, त्यातले दोघे आपल्या देशी परतले. ओफेलिया आणखी तेरा वर्षं राहिली. तिनं आणलेल्या गाड्या एकाच्या सहा झाल्या आणि भरतीची जाहिरात द्यायची वेळ आमच्यावर फारशी आली नाही. मी रीतसर स्पॅनिश शिकले. डेलला त्या वर्षी कंपनीकडून ढाल मिळाली, त्यावर काहीतरी मोठं वाक्य कोरलेलं होतं. पण मला आठवते ती त्या सोमवारचीच संध्याकाळ.

चारशे वाट्या तशाच टाकता येत नव्हत्या. डेलनं टाय काढला, डोक्याला जाळी लावली, मीही लावली, आणि आम्ही दोघं पट्ट्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. वाटी उचलायची, झाकणाच्या कडा दाबायच्या, खोक्यात ठेवायची. पाऊण तासात डेलची पाठ वाकली. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागला. सव्वापाचला भिंतीवरचा फोन वाजला. त्यानं कोपरानं तो काढून मानेत धरला, कारण हात पिठानं भरले होते.

त्याची बायको लॉरेटा होती. तिचा आवाज मला पट्ट्याच्या पलीकडून ऐकू येत होता. घरी किती वाजता येणार, असं ती विचारत होती.

डेलनं पट्ट्याकडे पाहिलं. अजून शंभरएक वाट्या होत्या.

"सांगता येत नाही, लॉरेटा," तो म्हणाला. "पट्टा रिकामा झाला की."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. डेल रिसीव्हर मानेत धरून तसाच उभा राहिला. मी एक खोकं भरलं, दुसरं घेतलं. मग त्यानं फोन जागेवर लावला, परत आला आणि एक वाटी उचलली.

"अकरा वर्षं," तो म्हणाला, आणि झाकणाच्या कडा दाबायला लागला.